जोडव्याखालची जखम

पाटणकर सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते वाल सोलताना. नव्वदच्या दशकात मुरबाडला त्यांच्या दहा खाटांच्या दवाखान्यात मी नोकरी मागायला गेले. सर मागच्या ओट्यावर भिजवलेले कडवे वाल घेऊन बसले होते. “हात धुवा आणि बसा, डॉक्टर,” ते म्हणाले. मुलाखत तिथेच झाली.

“मधुमेहाचा रुग्ण धापा टाकत आला. साखर खूप, लघवीत किटोन. काय द्याल?”

“सलाइन, इन्सुलिन, अँटिबायोटिक,” मी कॉन्व्हेंटमधल्या पाठांतराच्या सुरात म्हणाले.

“तिसरं कशासाठी?”

“जंतुसंसर्ग असेल तर...”

“असेल तर कुठे?”

सरांनी वालाची परात माझ्याकडे सरकवली. नोकरी मिळाल्याचे मला अर्धी परात संपल्यावर कळले.

तो ‘कुठे?’ मी पुढे बारा वर्षे ऐकला. त्यात राग नसे. त्यांना खरोखर कुतूहल असे. अशा रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संसर्ग नसतानाही वाढतात, आणि संसर्ग असूनही ताप येतोच असे नाही. म्हणजे आकडाही फसवतो आणि थर्मामीटरही. मग उरते ते शोधणे. दात, कान, छाती, लघवी, पाठ, कातडीच्या घड्या, तळपाय. सर स्वतः खाली बसून, रुग्णाची टाच आपल्या मांडीवर घेऊन, विजेरीच्या उजेडात भिंगातून बोटांच्या बेचक्या पाहत. किन्हवलीच्या एका गुरुजींच्या पेशी अशाच भरमसाट वाढल्या होत्या. शोधून काही सापडले नाही. गुरुजींनी लग्नघाईत चार दिवस इन्सुलिनच घेतले नव्हते. सरांनी अँटिबायोटिक दिले नाही, मात्र दर दोन तासांनी त्यांना पुन्हा तपासले. गुरुजी बरे होऊन चालत घरी गेले.

आता ज्या गोष्टीमुळे मी सरांच्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहिते आहे, ती. सरांनी ती गाळू नये असे बजावले आहे.

धसईच्या भागीबाईंना सकाळी बैलगाडीतून आणले. खोल धाप, उलट्या, ताप नाही. आम्ही दोघांनी डोक्यापासून तळपायापर्यंत पाहिले. मी अँटिबायोटिक भरून ठेवले होते. “जागा सापडली नाही. थांबू, पण नजर ठेवू,” सर म्हणाले. दुपारपर्यंत साखर उतरली, भागीबाई बोलू लागल्या; पण नाडी धावतच होती आणि धाप म्हणावी तशी कमी होईना. सरांनी भिंग उचलले आणि पुन्हा त्यांच्या पायाशी बसले.

भागीबाई खंगल्या होत्या. सैल झालेले जोडवे गळू नये म्हणून त्यांनी त्याला दोरा गुंडाळला होता. आम्ही सकाळी बोटे पाहिली, बेचक्या पाहिल्या. जोडव्याखाली पाहिले नव्हते. दोरा ओला होता आणि बोट आता सुजून जोडव्यात रुतले होते.

“भागीबाई, जोडवं काढावं लागेल,” मी म्हणाले.

“नाय गो बाय. नवरा जिता हाय माजा.”

दाराशी उभे असलेले त्यांचे यजमान ओरडले, “काढ गो! मी नाय मरत येवढ्यात.”

“तुजा काय भरवसा? आजारी मी, नि सकाळी चक्कर येऊन पडलास तू!”

सर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “भागीबाई, जोडवं राहिलं तर पाय जाईल. कदाचित तुम्हीही.” मग त्यांनीच पाय पुढे केला. बाजारपेठेतल्या सोनाराने येऊन चांदी कापली. खाली काळपट जखम होती आणि पू. मी भरून ठेवलेले औषध सरांनी त्याच मिनिटाला शिरेतून द्यायला लावले, पू मोकळा केला. बोट गेले, पाय आणि भागीबाई वाचल्या.

केसपेपरवर सरांनी लिहिले : ‘जोडवी सकाळीच काढायला हवी होती. चूक माझी.’

“म्हणजे सकाळी मीच बरोबर होते?” मी विचारले.

“औषधाबाबत, हो. पण ते देऊन तुम्ही निर्धास्त झाला असतात आणि पू तिथेच राहिला असता. मी न देता थांबलो, तेही चुकलं. दोघांनीही नीट पाहिलं नव्हतं.” 

इतक्या ज्येष्ठ माणसाने चूक अशी वाटून घेतलेली मी तोवर पाहिली नव्हती. त्या दिवसापासून आमच्याकडे जोडवी आधी उतरत. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ती नाव लिहून डबीत ठेवत आणि घरी जाताना नवऱ्याच्याच हाताने घालायला लावत.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांचा ‘कुठे?’ आम्हाला अजून खूप वर्षे ऐकायला मिळो. शाल-श्रीफळ नको असे त्यांनी कळवले आहे, म्हणून गौरव समितीने त्यांच्या इच्छेप्रमाणे एवढे करावे. भिंग किन्हवलीच्या सिस्टरना द्यावे. विजेरी वैशाखऱ्याच्या नव्या डॉक्टरांना. भागीबाईंनी सरांकडेच ठेवलेले ते कापलेले जोडवे दवाखान्याच्या तपासणी टेबलावर, सर्वांना दिसेल असे. या ग्रंथाची पहिली प्रत धसईला भागीबाईंना, आणि ती त्यांच्या यजमानांनी मोठ्याने वाचून दाखवावी. ते अजून ठणठणीत आहेत. सरांना फक्त परातभर भिजवलेले वाल द्यावेत, न सोललेले. हात धुऊन मी येतेच आहे.