उभ्याला विचारलं का?

परबकाका शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवायचे आणि पूर्ण झालं की खोडरबरानं पुसून टाकायचे. घाटकोपरच्या आमच्या चाळीत दोन घरांत मिळून एक पेपर घ्यायचा, हे साठ-बासष्टपासून ठरलेलं. साडेसहा ते आठ त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. कोडं मला कोरंच मिळायला हवं, हा त्यांचाच नियम. बोट फिरवलं तर चौकोन तेवढे जरा खरखरीत लागायचे.

काका गिरणीत कापड तपासायचे. उजेडासमोर धरून आधी आडवा धागा, मग उभा. कोड्यातही तीच सवय. मी मात्र सरळ पेनानं लिहायचो. एकदा 'फूल, तीन अक्षरं' असं होतं, शेवटचं 'ती' मिळालेलं. मी 'शेवंती' लिहून मोकळा. संध्याकाळी काकांनी ते पाहिलं.

"नाईक, हापिसात बेरीज दोनदा करतोस ना रे? मग इथंच कसली घाई? आडवा बसला. उभ्याला विचारलं का?"

उभ्या शब्दाला पहिल्या घरात 'मा' हवा होता. फूल मालती होतं.

"बसतो तोच शब्द फसवतो, मेल्या. न बसणारा कोण लिहितो?"

बहात्तरच्या थंडीत सुमनकाकू खोकू लागल्या. वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा धूर आमच्यापर्यंत यायचा आणि निम्मी चाळ खोकायची. काकू माझ्यादेखत म्हणाल्या, "छातीचा फोटो काढूया का हो एकदा?"

पेपरातून मान वर न करता काका म्हणाले, "अगं, अख्खं घाटकोपर खोकतंय. कितीजणांचे फोटो काढणार? धूर आहे तो."

मी हसलो. "खरंय काकू, आमच्याकडेही तेच."

आमच्याकडे तेच नव्हतं. आमचा खोकला धुराबरोबर जायचा, त्यांचा राहायचा. संध्याकाळी त्यांना कणकण असायची. दिवाळीत मनगटावर घट्ट बसलेल्या बांगड्या आता नळावर हात वर केला की कोपरापर्यंत घसरत. हे मी रोज पाहत होतो. एकाच खोलीत राहणाऱ्या काकांना दिसलं नसेल, असं मी म्हणणार नाही.

मार्चमध्ये थुंकीतून रक्त पडलं, तेव्हा फोटो निघाला. क्षयावर त्या काळात औषध होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थंडीत का नाही आणलंत?" मे महिन्यात काकू गेल्या.

तेराव्यानंतर मी समजूत घालायला गेलो. "काका, धूर तर होताच. कुणालाही तसंच वाटलं असतं."

"कुणालाही वाटू दे. मला कसं वाटलं?" ते म्हणाले. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू पण होतास तिथं."

पेपर बंद झाला नाही. आठच्या ठोक्याला तो माझ्या दारात असायचा. कोडं कोरं असायचं. मी चौकोनांवरून बोट फिरवून बघायचो. कागद गुळगुळीत लागायचा.