भाऊबंदांनी मान्य केलेलं दुकान

बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडावीशी वाटली तर माणसाने ती गोष्ट कुणालाही सांगावी, पण कानबाईच्या रोटाला जमलेल्या भाऊबंदांना सांगू नये. मी सांगितली.

दीपनगरच्या वीजकेंद्रात मी भांडारात कारकून होतो. नटबोल्ट आले, नटबोल्ट गेले, मधे माझी सही. वीस वर्षं हेच. संध्याकाळी भुसावळला एका दुकानात बसून मी विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी भरायला शिकलो होतो. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार नीट बसवायची, वार्निश पाजायचं. बटण दाबल्यावर मोटर गुणगुणली की मला जो आनंद व्हायचा तो पगाराच्या दिवशीही कधी झाला नाही. आमच्या भागात विहिरी भरपूर आणि व्होल्टेज नावाला, तेव्हा या धंद्याला मरण नव्हतं. मला जळगावला दुकान टाकायचं होतं.

बायकोचा साफ नकार होता. क्वार्टर जाईल, आणि पोरीच्या सोयरिकीत वडील काय करतात असं विचारलं तर सांगायचं काय? वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी ती म्हणाली, "आबांना विचारा. ते हो म्हणाले तर माझी ना नाही." आबा म्हणजे माझे थोरले काका, आमच्या भावकीतला शेवटचा शब्द. ते मला हाकलून लावतील अशी तिची खात्री होती. खरं तर माझीही होती.

शिरपूरजवळ आमचं गाव. श्रावणात तिथे कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते, तेव्हा नोकरीनिमित्त पांगलेले सगळे भाऊबंद घरी येतात. रोट म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्या; त्या बाहेरच्याला द्यायच्या नाहीत, भावकीनेच खायच्या आणि पौर्णिमेच्या आत संपवायच्या. त्या संपेपर्यंत कुणी जागचं हलत नाही, आणि खाण्याशिवाय काही काम नसल्यामुळे एकमेकांच्या संसारात लक्ष घालायला भरपूर वेळ असतो. कानबाईचं विसर्जन झालं, बायका फुगड्या घालून दमल्या, आणि दुपारच्या पंगतीत मी तोंड उघडलं.

"नोकरी सोडस? कसाले?" आबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. प्रत्येक आक्षेपावर उत्तर तयार ठेवलं होतं. आबांनी गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी चाटून पुसून खाल्ली आणि म्हणाले, "चांगलं शे."

माझी उत्तरं वाया गेली. त्याचं मला दुःख नव्हतं, पण आबा पुढे बोलतच राहिले. "जळगावले कसाले? दुकान गावमाच टाक. आपली शेड रिकामी शे." मग एकाला आठवलं की त्याचे दोन मुलगे घरीच बसून आहेत, ते माझ्या हाताखाली राहतील. दुसऱ्याने गल्ल्यावर स्वतःच बसायचं ठरवलं. दुकानाला कानबाईचं नाव द्यायचं हे तर न विचारताच पक्कं झालं. सगळ्या भाऊबंदांच्या मोटरी आता माझ्याकडेच येतील असं आबांनी जाहीर केलं. मी चाचरत मजुरीचं विचारलं, तर सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली आणि आबा म्हणाले, "आते तू भाऊबंदकडथून पैसा लेशी का?"

दुसऱ्या दिवशी शेडची किल्ली कुणाकडे राहणार यावरून दोन चुलतभावांचं बोलणं बंद झालं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. संध्याकाळपर्यंत अंगणात तीन जळक्या मोटरी येऊन पडल्या होत्या. राहिलेली सुट्टी मी त्या भरत बसलो, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण मला तार कशी ओढायची ते सांगून जात होता. मोटर म्हणजे काय हे ज्यांना बटणापलीकडे माहीत नव्हतं, तेही.

परतीच्या एसटीत धुळं मागे पडलं. मग बायको म्हणाली, "जळगावला खोली बघा. आणि गावात कुणाला कळू देऊ नका." वर्षभर मला जे जमलं नाही ते भाऊबंदांनी तीन दिवसांत करून दाखवलं. मी गावाकडे निरोप धाडला की नोकरी सोडण्याचा विचार रद्द केला आहे. दिवाळीनंतर गावाला न कळवता नोकरी सोडली आणि जळगावला दुकान टाकलं. दुकान चाललं, चांगलं चाललं.

पुढच्या श्रावणात पुन्हा तीच पंगत. भावकीतल्या एका तरुणाने कारखान्यातली नोकरी सोडायची गोष्ट काढली होती. आबांनी त्याला माझ्यासमोर उभं केलं. माझ्या पाठीवर हात ठेवला, जो त्यांनी आयुष्यात कधी ठेवला नव्हता, आणि गेल्या वर्षीचं स्वतःचं 'चांगलं शे' साफ विसरून म्हणाले, "याकडे देख. यानंबी डोकं फिरेल व्हतं. पण सोडी नही. माणूस असा पाहिजे."

मला संताप आला. बेचाळीस वर्षांत मी एकच धाडसाचं काम केलं होतं आणि शाबासकी मिळाली ती, ते न केल्याबद्दल. आबांचा हात पाठीवरून निघेना. मान वर करून सांगून टाकावं असं वाटलं. समोरच्या ओळीतून बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. मी त्या तरुणाला म्हणालो, "आबांचं ऐक," आणि ताटातला रोट खायला लागलो.