माझ्या जागी आलेला फैसल आज गाईड म्हणून भेटला

मंडळी, सलाम. आज सुट्टी होती म्हणून इथे सौदीत राबिघहून जेद्दाला गेलो. तिथल्या जुन्या वस्तीत एका व्यापाऱ्याच्या घराचं संग्रहालय केलंय. नुसती भांडी मांडून ठेवलेली नाहीत. चूल पेटते, कॉफी उकळते, आपणही हात लावून बघायचं.

मी पडलो पंप फिटर. चार मजली घर बघून पहिला प्रश्न हाच पडला, की त्या काळी वर पाणी कसं चढवत असतील? गाईडला विचारलं, तर तो वळून ओरडलाच, "उस्ताद!"

फैसल! दोन वर्षांपूर्वी कंपनीने माझी जेद्दातली जागा स्थानिक माणसाला दिली, तो हाच. सहा महिने मीच त्याला काम शिकवलं आणि मग राबिघच्या कॅम्पात गेलो.

"तू इथे कसा?"

"ती नोकरी सोडली," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "कंपनीत वडिलांनी घातलं होतं. हे माझ्या पणजोबांचं घर. मला इथेच रमायचं होतं."

मग त्याने जमिनीखालचा हौद दाखवला. त्यात पावसाचं पाणी साठायचं आणि माणसं ते खांद्यावरून वर न्यायची. मी एक बादली ओढून पाहिली. दम लागला!

तो हळूच म्हणाला, "उस्ताद, माझ्यावर राग होता ना?"

"होता," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

सहा महिने आम्ही शेजारी बसून जेवलो, पण 'तुला हे काम आवडतं का रे?' एवढं मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंय का कधी, तुमच्या हाताखाली शिकणाऱ्याला?