बिनविस्तवाच्या वड्या

मुलाने शेगडी उचलून गाडीच्या डिकीत टाकली तेव्हा तारबाई दारातच उभी होती. तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. तारबाई गप्प बसली की समोरच्याने जरा सावध व्हावं, हे तिच्यासोबत काम केलेल्या कोणालाही विचारा. मुलगा तिच्या पोटचा, पण विमा कंपनीत बसून दिवसभर जगाचे धोके मोजणाऱ्या त्या शहाण्याला हा एक धोका काही दिसला नाही. रोज दुपारी डबा येईल, असं तो म्हणाला. महिनाअखेरीला ती कायमची त्यांच्याकडे राहायला येणार होती. तिच्यासाठी खोली रंगवायला काढली होती.

कारण झालं दुधाच्या पातेल्याचं. तारबाईने दूध तापत ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन चादरीच्या घड्या घालत बसली. पातेलं काळं ठिक्कर पडलं, खिडकीचा पडदा अर्धा जळला आणि वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईने धुराच्या वासाने येऊन दार बडवलं. फोन आला होता म्हणून दुधाकडे दुर्लक्ष झालं, असं तारबाईने सगळ्यांना सांगितलं. फोनबिन काही आला नव्हता. दूध तिच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पहिला डबा आला तो तिने न उघडताच परत पाठवला. दुसराही पाठवला. तिसऱ्या दिवशी पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा ती पदर खोचून फडताळासमोर उभी राहिली. विस्तव नाही तर नाही. विस्तवावाचून काय होतं ते बघू, असं तिने स्वतःलाच मोठ्याने बजावलं. फडताळात ओट्स होते, खजूर होता, शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी होती, मध होता. खजूर पाण्यात भिजवून कुस्करला, सगळं परातीत कालवलं, कागद घातलेल्या ट्रेमध्ये ओतलं आणि ट्रे फ्रीजमध्ये ठेवून दिला.

पहिल्या खेपेला वड्यांचा पार भुगा झाला, आणि तो तिच्या कारखान्याच्या सवयीने झाला. तारबाईने एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात काढली. साबण साच्यात ओतायचा आणि हात मागे घ्यायचा, दाबायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिने ओट्सही दाबले नाहीत. शिंपीणबाईने तो भुगा चमच्याने खाल्ला आणि चव चांगली आहे म्हणाली. दुसऱ्या खेपेला तारबाईने वाटीच्या बुडाने ट्रे असा चेपला की टेबल कुरकुरलं. मग जुन्या पेटीतून आपली तार काढली. दोन टोकांना दोन लाकडी मुठी लावलेली, साबण कापायची पोलादी तार, तिच्यावरूनच कारखान्यात तिचं नाव पडलं होतं. ट्रेमधल्या घट्ट लादीतून तार ओढली की एकसारख्या वड्या सुटत, डोळ्यांनी फरक सांगता येऊ नये अशा. दोन आठवड्यांत निम्मी इमारत तिच्या वड्या खाऊ लागली आणि डबेवाल्याने यायचंच सोडलं.

आता वाट्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. टेबलावर सहा वाट्या ओळीने मांडायच्या, एकेका जिनसाची एकेक: ओट्स, खजूर, लोणी, मध, आणि चवीला नंतर आलेले कोको नि मीठ. वाटी भरायची, परातीत रिकामी करायची आणि जागच्या जागी पालथी घालायची. पालथी वाटी म्हणजे पडलं, सुलटी म्हणजे बाकी. कारखान्यात साबणात घालायच्या कॉस्टिक सोड्याचे डबे असेच पालथे घालत. तारबाई मिश्रण चाखून कधीच बघत नसे, कारण काम करताना बोट तोंडाला लावायचं नाही हाही तिथलाच धडा.

महिनाअखेर दहा दिवसांवर आली तेव्हा एका रविवारी सकाळी मुलगा आणि सून आली. सामान काय न्यायचं नि काय टाकायचं ते ठरवायला आली होती. तारबाई परातीत हात घालून उभी होती. सहाही वाट्या पालथ्या झाल्या होत्या, फक्त मळायचं राहिलं होतं. तेवढ्यात दारावर शिंपीणबाई आली. तिच्याकडे शिवायला बसणाऱ्या बायकांना चहाबरोबर वड्या हव्या होत्या, किती आणि कधी ते ठरवण्यात दारातच पाच-सात मिनिटं गेली. तेवढ्या वेळात मुलाने काय करावं? घरात त्याच्या बायकोने सांगूनही जो कधी कप विसळत नाही, त्याला नेमकी आईची माया आली. पसारा आवरावा म्हणून त्याने कोकोची आणि मिठाची वाटी धुतली, पुसली आणि छान जागच्या जागी सुलट्या ठेवल्या.

तारबाई परतली. दोन वाट्या सुलट्या दिसल्या. तिने कोको भरून परातीत घातला, मीठ भरून घातलं, वाट्या पालथ्या घातल्या आणि मळायला घेतलं. मुलगा तोवर बाहेरच्या खोलीत कपाटाची मापं घेत होता.

दोन तासांनी तिने तार ओढून वड्या पाडल्या आणि दोघांपुढे बशी ठेवली. मुलाने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. सून बिचारी सासूचा मान राखून चावत राहिली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तारबाईने स्वतः तुकडा तोंडात टाकला. कडू आणि खारट, जनावरालाही घालू नये असा.

ती स्वयंपाकघरात गेली, वाट्यांकडे बघितलं आणि परत आली. वाट्या कोणी धुतल्या, तिने विचारलं. मुलाने सांगितलं.

"पण आई, मुद्दा वाट्यांचा नाही," तो म्हणाला. तो ओरडत नव्हता, तेच वाईट होतं. "दहा मिनिटं आधी घातलेलं मीठ तुझ्या लक्षात राहिलं नाही."

हे खरं होतं. तारबाईला ते जिव्हारी लागलं. एक क्षण तिला वाटलं की काहीतरी ठोकून द्यावं, मस्करी केली म्हणावं. मग तिला स्वतःचीच शरम वाटली.

"नाही राहिलं," ती म्हणाली. "विसरते मी. दूधही विसरलेच होते. पण एक सांगते, ऐक. कारखान्यात आम्ही विशीतल्या पोरी होतो, तरी तिथे कोणी आम्हाला लक्षात ठेवायला लावलं नाही. कॉस्टिक दोनदा पडलं असतं तर लोकांची कातडी सोलून निघाली असती. म्हणून डबे पालथे घालायचो. तेव्हा आम्हाला कोणी म्हाताऱ्या झालात असं म्हटलं नाही. त्याला काम करायची पद्धत म्हणायचे."

"आणि उद्या याहून जास्त विसरलीस तर?"

"विसरेन ना. मला दिसतंय ते. पण इथे काय कुठे आहे ते माझ्या हातांना माहीत आहे. तुझ्याकडे मी पहिल्याच दिवशी हरवेन. शेगडी नेलीस, नेऊ दिली, कारण तिथे तुझं बरोबर होतं. घर नाही द्यायची. जे विसरायचं ते मी माझ्या घरात विसरेन."

सून हळूच म्हणाली, "आई बरोबर बोलताहेत." नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनेच मीठ घातलं. पण सुनेने नजर खाली घातली नाही. ती उठली, ट्रे उचलून सगळ्या वड्या कचऱ्यात टाकल्या आणि सासूला विचारलं की पुन्हा करायला ओट्स पुरतील का. पुरतील, तारबाई म्हणाली, पण टेबलाला कोणी हात लावायचा नाही.

मुलगा तिथेच बसून राहिला. मापाची फीत त्याच्या हातात तशीच होती. ती गुंडाळता गुंडाळता तो बोलला, लहानपणी ताप आला की बोलायचा तशा आवाजात.

"मला भीती वाटते गं आई."

तारबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ओट्स लागलेलाच.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "म्हणून काय घर सोडू?"

त्याने मापाची फीत खिशात टाकली. त्या रविवारी खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि महिनाअखेर आली तेव्हा सामान न्यायलाही कोणी आलं नाही.