थावरूकाकांनी पसंत केलेली फोर्कलिफ्ट

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. एका सोमवारी सकाळी मी आणि थावरूकाका माल उचलून रचणारी जुनी फोर्कलिफ्ट बघायला यवतमाळला गेलो.

आमचं शेत दारव्ह्याजवळ. शेतातच गोडाऊन आहे. आमचं सोयाबीन आणि तूर तर असतेच, पण आजूबाजूच्या आठ-दहा शेतकऱ्यांचा मालही तिथेच राहतो. बाबा गेल्यापासून हे सगळं मीच बघते.

थावरूकाका शेजारच्या तांड्यावरचे. मी शाळेत जायचे तेव्हापासून आमची पोती त्यांच्याच खांद्यावरून आत-बाहेर झाली. मागच्या हंगामात थप्पीवर पोतं चढवताना त्यांचा पाय घसरला आणि उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली. तरी महिनाभरात काका पुन्हा ट्रकपाशी हजर... या वेळी डावा खांदा पुढे करून.

त्याच दिवशी मी ठरवलं, आता मशीन घ्यायची. नवी झेपणारी नव्हती, म्हणून वापरलेली शोधली. काकांना फक्त एवढंच म्हणाले, "सोमवारी मशीन बघायला जायचंय, चला सोबत."

ते आले. धुतलेला पांढरा शर्ट घातलेला, हातात दोरीचं एक भेंडोळं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, खांदा दुखत असेल.

जुन्या मशीन विकणाऱ्याच्या यार्डात दोन फोर्कलिफ्ट उभ्या होत्या. एक पिवळी, नुकताच रंग दिलेली, एकदम चकाचक. दुसरी पार विटलेली, सीट फाटलेली. मालक म्हणाला, "ताई, पिवळी घ्या. एकदम मक्खन चालते." खरं सांगू? मला पण तीच आवडली होती. आठ दिवस यूट्यूबवर व्हिडिओ बघून मी स्वतःला मोठी जाणकार समजत होते...

काका पिवळीभोवती एक चक्कर मारून आले. म्हणाले, "भरून उचलून दाखवा."

मालकाने माल रचायचं लाकडी पॅलेट रिकामंच उचलून दाखवलं. काका म्हणाले, "रिकामं त मी बी उचलतो, भाऊ. भरून दाखवा." शेवटी पॅलेटवर सिमेंटच्या बॅगा रचल्या. त्या छातीइतक्या उंच उचलल्यावर काकांनी इंजिन बंद करायला लावलं. मशीनच्या उभ्या सांगाड्यावर खडूने खूण केली आणि मला हाताला धरून बाजूला घेतलं. "भरल्या वजनापाशी नको उभी राहू, बाई." मग समोर एका डब्यावर बसून राहिले.

दहा-पंधरा मिनिटं गेली. कोणी हात लावला नव्हता, तरी बॅगा खुणेपासून चांगल्या चार बोटं खाली आल्या होत्या.

"कलर केला, पन थकली हाय थे," काका हळूच म्हणाले. "आपल्या थप्पीवर माल धरून नाई ठेवू शकनार."

मग तीच परीक्षा विटलेलीची. ती जेमतेम नखभर खाली आली. शिवाय तिची चाकं मोठी, हवेची. पिवळीची बारकी, भरीव चाकं आमच्या काळ्या मातीच्या आवारात पहिल्याच पाण्यात रुतली असती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग त्यांनी ते भेंडोळं सोडलं. दोरीला दोन गाठी होत्या. एक गोडाऊनच्या दाराच्या उंचीची, दुसरी रुंदीची. घरून निघण्याआधी मापून आणलं होतं! त्या मापाने विटलेली मशीन आमच्या दारातून वीतभर जागा ठेवून आत जाणार होती.

मी खुशीत म्हणाले, "काका, मग हीच घेऊ."

"घे. चांगली हाय." दोरी गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मंग बाई... माहं काम आता संपलं नं?"

म्हणजे मी सांगितल्यापासून हा माणूस हेच मनात घेऊन फिरत होता. आपली जागा घेणारी मशीन निवडायला आपल्यालाच नेताहेत, असं समजून आला होता. आणि तरी दार मापून आला होता. तरी खराब मशीन माझ्या गळ्यात पडू दिली नव्हती.

"काका, संपलं कसं? ही चालवणार कोण? तुम्हीच ना!" मी त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली. "मी तुमच्यासाठीच तर घेतेय..."

"मी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मले त वाचता बी येत नाई."

"आपला ट्रॅक्टर इतकी वर्षं वाचून चालवता का?"

तेव्हा कुठे हसले. मग तोंड फिरवून बराच वेळ त्या विटलेल्या मशीनचा आरसा शर्टाच्या बाहीने पुसत राहिले. मीही तिकडे बघितलं नाही.

यार्डातल्या ऑपरेटरने आठवडाभर येऊन त्यांना शिकवलं. यंदाचं सगळं सोयाबीन काकांनी त्याच मशीनवरून थप्पीला लावलं. एकही पोतं फुटलं नाही.

माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. फक्त ज्याच्यासाठी ठरवलं, त्याला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. आपल्या माणसांच्या बाबतीत हे असं किती वेळा होत असेल...

परवा थावरूकाकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कापूस वेचायला आल्या होत्या. ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करता करता सहज बोलून गेल्या, "बाई, आता थे रातच्याले कन्हत नाई. निवांत झोपते."

एवढं बोलून त्या कापसाच्या पुढच्या ओळीत शिरल्या. मी मात्र बांधावर तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत, ते रात्री कण्हतात हेच मला माहीत नव्हतं.