घड्याळाच्या पाठीवर माझं नाव

घड्याळ मला तीन लाखाला पडलं, असं मी सांगतो. दोनदाची सर्व्हिसिंग आणि बँकेच्या लॉकरचं भाडं धरलं तर सव्वातीनच्या वर गेलं. तरी मित्रहो, इतकी वर्षं पांढुर्ण्यात छाती फुगवून सांगत होतो, "सौंसर रोडचा प्लॉट वाढणार नाही, तेवढं हे स्विस घड्याळ वाढून राहिलं." मोबाईलवर तसल्याच घड्याळाचा भाव साडेपाच लाख दिसतो.

सोमवारी पोरीच्या कॉलेजची फी भरायची आहे. म्हणून आज तिला घेऊन नागपूरला जुनी घड्याळं घेणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने घड्याळ उलटं केलं आणि थांबला. मागे माझं नाव कोरलेलं, खाली 'पांढुर्णा'. लग्नात गेलेली गंज-परात घरी परत यावी म्हणून आपण भांड्यावर नाव टाकतो ना? तसंच मी भांडेवाल्याकडून टाकून घेतलं होतं.

तो आत जाऊन फोनवर दुसऱ्या दुकानदाराशी हळूच बोलला. पण संत्र्याच्या लिलावात कान तयार झालेत माझे. "माल अस्सल आहे, पण मागे पत्ता लिहून ठेवलाय. तुझ्याकडे आले तर दोनच्या वर नको जाऊ."

पोरगी म्हणाली, "बाबा, आता तुमच्याच नावाचं गिऱ्हाईक पाहा."

हसलो. न विकताच परत आलो. नाव घासून काढलं तर भाव वाढते, की अजून पडते? कोणाला अनुभव असेल तर आजच सांगा.

फी तीन लाख आहे. घड्याळाचे दोनच येऊन राहिले.