माझ्या एका मित्राला गाता येत नाही

चेन्नईत भाड्याचं घर मिळावं म्हणून माणसं काय काय सांगतात. कुणी अंडंही खात नाही म्हणतो, कुणी लग्न ठरलंय म्हणतो. मी गातो म्हणालो.

घरमालक आजोबा तंजावरच्या मराठी घराण्यातले. मराठीचे शब्द जुने, हेल तमिळ. अण्णा नगरातल्या त्यांच्या हॉलमध्ये दर एकादशीला भजन, आणि भजनात अभंग हवेतच. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्ही महाराष्ट्राचे. अभंग म्हणतां ना?"

मला वरचा मजला हवा होता. "म्हणजे काय! लहानपणापासून," मी म्हणालो.

लहानपणी मला शाळेच्या प्रार्थनेत नुसते ओठ हलवायची सूचना होती.

तीच विद्या इथे कामी आली. चार वर्षं मी आजोबांच्या शेजारी बसून टाळ वाजवत ओठ हलवले. मध्येच डोळे मिटायचे, एखाद्या ओळीला गहिवरायचं. मंडळी मला अस्सल माल समजत. एक मामी तर पायाला हात लावायला वाकल्या, आणि मी लावू दिला.

मग आजोबांची ऐंशी पुरी होत आली. त्या दिवशी इथे नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात. आजोबा म्हणाले, "मंगळसूत्र बांधलें कीं एक अभंग. तुम्ही एकट्यानें."

"सरी, सरी," मी म्हणालो. सरी म्हणजे बरं; चेन्नईत माझ्या तोंडून सगळ्यात सहज निघणारा शब्द हाच.

हातात तीन आठवडे. गायलो तर त्यांच्या लग्नाचा विचका, खरं सांगितलं तर मी त्यांच्या मनातून उतरणार. आणि दूर देशात मला 'जेवलांत कां?' विचारणारा माणूस तो एकच. पोटात कळा यायला लागल्या. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही, त्यांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"मला काही नाही. माझा एक मित्र आहे. त्याला गाता येत नाही."

पैसे भरून दोन आठवडे मी मित्रावर उपचार करून घेतले. शेवटी बाई म्हणाल्या, "मित्राला एकदा घेऊनच या."

शहाण्या माणसाने इथे कबुली दिली असती. मी मित्र घेऊन गेलो. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात शेजारी बसणारा तमिळ सहकारी. त्याच्या आईने दिलेला दहीभात तो रोज माझ्या पुढ्यात सरकवायचा, तेव्हा आमचे संबंध उत्तम होते. बसमध्ये त्याची तयारी करून घेतली.

"कॉलेजात नाटकं केलीयत, मच्चान," तो म्हणाला. "तू फक्त बघ."

बाईंनी विचारलं, "कधीपासून लपवताय?"

त्याने मान खाली घातली. काय अभिनय, मी मनात म्हटलं.

"लहानपणापासून," तो म्हणाला. "मला दहीभात आवडत नाही."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. तमिळ घरात जन्मलेल्या माणसाने हे बोलणं म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आईला माहीत आहे?"

तो हमसून हमसून रडायला लागला. टिश्यू मी पुरवले. माझा तास त्याने संपवला, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगूनही टाकलं. माउली दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डब्यात पुरीभाजी आली. ती तो स्वतः खातो. माझं दुपारचं जेवण बंद झालं.

पुढच्या वेळी बाईंनी विचारलं, "आता तुमचा दुसरा मित्र कधी येणार? गाता न येणारा, तुमच्याच चपला घालून येतो तो?"

मी एका दमात सगळं ओकलो. बाई बराच वेळ पाणी पीत राहिल्या. हसू दाबत असाव्यात. मग म्हणाल्या, "आजोबांना काय वाटेल हे तुम्हीच ठरवलंय. त्यांना विचारलंत? चार वर्षं तुम्ही त्यांच्याही वतीने बोलताय."

ते लागलं. तरी सांगायला मी लग्नाची सकाळ उजाडू दिली. आजोबा नवी वेष्टी नेसून, गळ्यात हार घालून बसले होते. मी कानाशी वाकलो. "आजोबा, मला गाता येत नाही. कधीच येत नव्हतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "चार वर्षें शेजारीं बसतों. माझे कान शाबूत आहेत."

"मग मला एकट्याला गायला का सांगितलंत?"

"म्हटलें, आतां तरी सांगाल." हार सरळ करत ते म्हणाले, "सांगितलेंत. बरें झालें. आतां गा."

"अहो, पण—"

"तुमचा आवाज मीं अजून ऐकलाच नाही."

गायलो. जन्मात पहिल्यांदा तोंडातून आवाज काढून गायलो. अर्ध्यात मृदंगवाल्याने हात उचलले आणि तो नुसता बघत राहिला. आजी हारात तोंड लपवून हसत होत्या. संपल्यावर त्या नमस्कारवाल्या मामींनी हळूच विचारलं, "महाराष्ट्रात असंच गातात?"

"असेंच," आजोबा ठणकावून म्हणाले. "मूळ चाल आहे ती."

मामींनी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. पुढच्या एकादशीला सगळी मंडळी तो अभंग माझ्या चालीत गायली. सगळे चढउतार अचूक, मला ठसका लागला होता ती जागासुद्धा. मीही गायलो, मोकळ्या गळ्याने.

मंडळींत मला एकट्यालाच ती चाल जमली नाही.